टोमॅटोला फुलं लागली आणि पानं पिवळी पडायला लागली. युरिया देऊ का?

गच्चीवरचा_मळा
गच्चीवर अर्का रक्षक या टोमॅटोच्या वाणाची पाच झाडं आहेत, १२ बाय १२ इंची ग्रो बॅगमध्ये. निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), साधारण ४० टक्के गांडूळखत, बाकी माती आणि बॅगेला मूठभर निंबोळी पेंड. रोपं लावून ५२ दिवस झाले. फुलांचे चार घोस आलेत, खालच्या घोसाला गोटीएवढी फळं धरलीत.

दहा दिवसांपासून पानं पिवळी पडताहेत. सुरुवात खालून तिसऱ्या-चौथ्या पानापासून झाली. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. अगदी खालच्या दोन पानांच्या कडा करपल्यात. शेंडा हिरवागार आहे.

फुलं आल्यापासून ०:५२:३४ (स्फुरद-पालाशचं विद्राव्य खत) आठवड्यातून दोनदा, लिटरला २ ग्रॅम. शिवाय केळीच्या सालीचं पाणी, आणि पंधरा दिवसांनी बंबातली राख मूठभर. पाणी रोज सकाळी अर्धा-पाऊण लिटर, घरच्या आरओमधून वाया जाणारं. मूळ पाणी बोअरचं. नत्र कमी पडतंय असं वाटतंय. युरिया चालेल का?

कुंडीतली_शेती
युरिया आत्ता नको. नत्र कमी पडलं तर जुनं पान शिरांसकट, सगळंच्या सगळं फिकट होतं. तुमच्याकडे शिरा हिरव्या आहेत, म्हणजे वर्णन मॅग्नेशियमचं आहे. नत्र आणि मॅग्नेशियम दोन्ही कमी पडलं की झाड जुन्या पानातून काढून नव्या पानाला देतं, म्हणून दोन्हीत पिवळेपणा खालून वर चढतो. फरक फक्त शिरांचा. हेच चित्र शेंड्याच्या कोवळ्या पानावर असतं तर लोह म्हटलं असतं, कारण लोह झाडाला जुन्या पानातून परत काढता येत नाही.

मॅग्नेशियम फुलं-फळं धरतानाच कमी पडतं, कारण फळ ते ओढून घेतं. आणि तुम्ही पालाश (पोटॅशियम) तिन्ही बाजूंनी देताय: ०:५२:३४, केळीची साल, राख. पालाश जास्त झालं की मूळ मॅग्नेशियम उचलत नाही. मातीत असूनही झाड उपाशी राहतं. कोकोपीटचीही तीच अडचण, ते स्वतःच कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं.

एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) लिटरला ५ ग्रॅम, ऊन उतरल्यावर, पानाच्या खालच्या बाजूने फवारा. सात दिवसांनी पुन्हा एकदा.

पानपारखी
ताईंचं निदान पटतं, पण फवारणीआधी पाच मिनिटं झाडाजवळ बसून रोग-किडी वगळून घ्या. अर्का रक्षक पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्ही रोगांना बऱ्यापैकी तोंड देतं, तरी बघायचंच.

पान उलटं करून पांढऱ्या कागदावर टिचकी मारा. धुळीएवढे ठिपके चालायला लागले तर कोळी ही कीड. कोळ्याने पान सारखं पिवळं होत नाही, आधी सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके दिसतात, नंतर बारीक जाळी. करपा असेल तर तपकिरी डागात वर्तुळात वर्तुळ दिसतं आणि डागाभोवती पिवळी कडा. पर्णगुच्छात शेंड्याची पानं बारीक होऊन वाटीसारखी वर वळतात. तुमचा शेंडा हिरवागार आहे, म्हणजे तो प्रश्न मिटला.

एकाच बाजूची पानं पिवळी पडून दुपारी माना टाकत असतील तर मात्र मर धरा. गेलेल्या झाडाचं खोड बुंध्याशी उभं चिरलं की सालीच्या आत तपकिरी रेघ दिसते, ती बुरशीजन्य मर. कापलेला तुकडा पाण्याच्या ग्लासात धरल्यावर दुधासारखा धागा खाली उतरला तर जिवाणूजन्य. दोन्हींत झाड मुळासकट काढून ती माती पुन्हा टोमॅटो, वांगी, मिरचीला वापरायची नाही.

क्षार_आणि_मुळं
मला सगळ्यात जास्त खटकलं ते पाणी. आरओ पाण्यातले क्षार काढतो आणि ते सगळे त्या वाया जाणाऱ्या पाण्यात जातात. बोअरचं पाणी आधीच जड, त्यातून गाळून उरलेलं म्हणजे आणखी घट्ट. रोज अर्धा-पाऊण लिटर दिलं की झाड पाणी पिऊन टाकतं आणि क्षार बॅगेतच साचतात, कारण खालून कधी पाणी निघतच नाही. कडा करपणं हे त्याचंच लक्षण. पालाशच्या कमतरतेतही कडा करपतात, पण एवढं पालाश घातल्यावर ती शक्यता उरत नाही.

अंदाज नको, मोजा. बॅगेला सवयीप्रमाणे पाणी द्या, अर्धा तास थांबा. मग पिण्याचं आरओ पाणी पाव लिटर वरून सगळीकडे सारखं ओता आणि खालून निघणारं पहिलं अर्धी वाटी पाणी ताटलीत धरा. काहीच निघालं नाही तर आणखी थोडं ओता. त्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) आणि पीएच (आम्ल-अल्कपणा), आणि तुम्ही देता त्या पाण्याचाही टीडीएस आणि पीएच, असे चार आकडे इथे टाका.

गच्चीवरचा_मळा
कोळी नाहीत, वर्तुळाचे डाग नाहीत, दुपारी मानही टाकत नाहीत. आकडे: देतो ते पाणी टीडीएस १०५०, पीएच ७.९. खालून निघालेलं टीडीएस २९४०, पीएच ७.६. बॅगेच्या भोकांपाशी पांढरी पापडी आहे, आत्ता लक्ष गेलं.

क्षार_आणि_मुळं
मग उत्तर तिथेच आहे. २९४० म्हणजे ईसी (पाण्याची वीजवाहकता, क्षारांचंच दुसरं माप) जवळजवळ ६ (मीटर ५०० चा गुणक धरत असेल तर). कोकोपीटमधल्या टोमॅटोला साधारण २ ते ३.५ पर्यंत ठीक. पीएच ५.८ ते ६.५ हवा, तो राखेने आणि जड पाण्याने चढलाय. अशा मुळांना अजून काहीही घातलं तरी पानापर्यंत पोचायचं नाही, युरिया तर क्षारात भरच घालेल.

आरओचं ते पाणी, राख, केळीची साल आणि ०:५२:३४ चारही आजपासून बंद.

मग बॅग धुवायची. १२ बाय १२ बॅगेत साधारण १८ लिटर मिश्रण असतं, त्याच्या दुप्पट म्हणजे ३५ लिटर पाणी लागेल. नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं. बोअरशिवाय इलाज नसेल तर थेट बोअरचं घ्या, पण शेवटचे पाच लिटर पिण्याचं आरओ पाणी. झारीने सावकाश, तीन हप्त्यांत, मध्ये वीस मिनिटं सोडून. एकदम ओतलं तर पाणी बॅगेच्या कडेने निसटतं आणि मधला गड्डा तसाच राहतो. बॅग विटांवर उचलून ठेवा, तळाची भोकं सळईने मोकळी करा. सकाळी लवकर करा म्हणजे संध्याकाळपर्यंत मुळांना हवा मिळते. शेवटी पुन्हा मोजा, १२०० च्या खाली यायला हवं.

धुतल्यावर नत्रही वाहून जातं. म्हणून तिसऱ्या दिवशी कॅल्शियम नायट्रेट लिटरला १ ग्रॅम, बॅगेला एक लिटर. एप्सम त्याच बादलीत कालवू नका. घट्ट द्रावणात दोन्हींचा जिप्सम होऊन तळाला बसतो. एप्सम मुळाशी द्यायचं असेल तर दोन दिवसांचं अंतर ठेवा.

कुंडीतली_शेती
आकडे बघून माझा क्रम बदलते. आधी धुणं, फवारणी नंतर. फक्त फवारणी अगदीच सोडू नका. मुळं सावरायला आठवडा जातो आणि फळं तोवर मॅग्नेशियम ओढत राहणार, पानातून दिलेलं दोन-तीन दिवसांत लागू पडतं. म्हणून धुण्याच्या दुसऱ्या संध्याकाळी ५ ग्रॅमचीच फवारणी घ्या. १० ग्रॅम नको, करपलेल्या कडा अजून भाजतील.

पुढे बोअरचंच पाणी द्यायचं असेल तर त्यात लिंबूसत्त्व घाला. १० लिटरला २ ग्रॅमपासून सुरुवात, ढवळून पीएच बघायचा, साडेसहाच्या आसपास आला की थांबायचं. प्रमाण प्रत्येक बोअरला वेगळं येतं. आणि रोज थोडं थोडं पाणी देण्यापेक्षा वरचा इंचभर थर सुकल्यावर एकदम भरपूर द्या, दिलेल्याच्या पाचवा हिस्सा खालून निघाला पाहिजे.

गच्चीवरचा_मळा
आज तीन बॅगा धुतल्या. पहिली ताटली चहाच्या रंगाची, शेवटची जवळजवळ स्वच्छ, ९८०. उरलेल्या दोन उद्या. पिवळी पानं काढून टाकू का?

पानपारखी
कडा करपलेली खालची दोन काढा, पहिल्या घोसाच्या खालची आहेत, त्यांचा आता उपयोग नाही. सकाळी काढा, खोडाला लागून मोडा, खुंट ठेवू नका. शिरा हिरव्या असलेली पानं मात्र राहू द्या, अर्धं हिरवं पानही फळ पोसतं. ती पूर्ववत होतीलच असं नाही. लक्ष मधल्या पानांकडे ठेवा. पिवळेपणा दहा दिवसांत पाचव्या-सहाव्या पानावर चढला नाही तर उपाय लागू पडला. चढला तर पुन्हा खालचं पाणी मोजून आकडा टाका.