हीटर, एक्स्टेन्शन बोर्ड आणि मासळीचा वास

वर एकांनी लिहिलंय की वायर जाड असली की हीटर एक्स्टेन्शन बोर्डावर बिनधास्त चालतो. माझं ऐका, नका लावू. २००० वॉटचा हीटर २३० व्होल्टला साधारण ८.७ अँपिअर ओढतो, आणि टीव्ही-मोबाइलचं साधं सॉकेट असतं ६ अँपिअरचं. १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच थेट लावायचा.

मागच्या थंडीत परभणीला आत्याकडं होतो. पहाटे खोलीत मासळीचा वास. घर माळकऱ्यांचं, मासळी येणार कुठून? बघतो तर हीटरची पिन बोर्डात वितळून चिकटलेली, भोवतीचं प्लास्टिक तपकिरी, आणि वाकळेचं टोक त्यावरच लोळतंय! आधी मेन स्विच पाडला, मग वाकळ ओढली. तापलेल्या प्लास्टिकचा असा वास आला की उंदीर मेला असेल म्हणून कूस बदलू नका.

आजीची तऱ्हा निराळी. पऱ्हाट्यांचे निखारे घमेल्यात, घमेलं खाटेखाली, दार-खिडकी गच्च. धूर नाही म्हणून ती निवांत. पण निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना रंग, ना वास. आता शेकून झालं की घमेलं अंगणात जातं. राखेखाली विस्तव सकाळपर्यंत धुगधुगतो, त्यामुळं कडब्याच्या गंजीपासून लांब, आणि वर तांब्याभर पाणी.