मदत हवी आहे: एका ब्लूटूथ डोंगलवर चार हेडफोन, आणि एकाचा संपर्क ढिला पडला की सर्वांचाच आवाज तुटतो

नमस्कार,

आमच्या गावातील सार्वजनिक वाचनालयात दृष्टिबाधित वाचकांसाठी श्राव्य पुस्तकांची एक खोली आहे. तेथील संगणकावर डेबियन १३ ही लिनक्स प्रणाली असून ध्वनीची व्यवस्था पाइपवायर आणि वायरप्लंबर हे प्रोग्रॅम पाहतात. संगणकाला एक यूएसबी ब्लूटूथ डोंगल लावलेला आहे, तो लिनक्स कर्नलमधील बीटीयूएसबी या ड्रायव्हरवर चालतो, आणि या एकाच डोंगलवरून चार बिनतारी हेडफोनवर एकच पुस्तक एकाच वेळी ऐकवता यावे, असा आमचा प्रयत्न आहे. चारही हेडफोन पाइपवायरच्या कम्बाइन सिंकमध्ये (एकच ध्वनी अनेक उपकरणांकडे पाठवणाऱ्या सोयीत) एकत्र केले आहेत.

दोन हेडफोनवर वाचन अखंड चालते. तिसरा जोडला की अधूनमधून शब्द गळतात आणि चौथ्यानंतर वाक्येच्या वाक्ये हरवतात. त्याहून कोड्यात टाकणारी गोष्ट अशी की, एखादे आजोबा हेडफोन कानाला तसाच ठेवून पाणी प्यायला व्हरांड्यात गेले, तर केवळ त्यांचाच नव्हे, डोंगलपासून हातभर अंतरावर बसलेल्या वाचकांचाही आवाज तुटू लागतो. ते आत येऊन बसले की थोड्याच वेळात सारे पूर्ववत होते.

मी माझ्यापरीने हिशेब मांडून पाहिला. ब्लूटूथच्या एका पिकोनेटमध्ये, म्हणजे एका मुख्य उपकरणाभोवतीच्या जाळ्यात, त्याला जोडलेली ७ सक्रिय उपकरणे राहू शकतात, म्हणजे संख्येची अडचण नसावी. एसबीसी कोडेकचा (ध्वनी आकुंचित करून पाठवण्याच्या पद्धतीचा) उच्च दर्जाचा स्टीरिओ प्रवाह ४४.१ किलोहर्ट्झला सेकंदाला सुमारे ३२८ किलोबिट घेतो; चार हेडफोनचे मिळून १,३१२ किलोबिट होतात. ईडीआर या ब्लूटूथच्या वेगवान, २ मेगाबिटच्या पद्धतीत, पाच स्लॉटची (स्लॉट म्हणजे वेळेचा ठरावीक तुकडा) मोठी पाकिटे वापरूनही, प्रत्यक्ष माहितीसाठी जास्तीत जास्त सुमारे १,४४८ किलोबिट मिळतात. कागदावर चारही प्रवाह मावतात, मग प्रत्यक्षात का मावत नाहीत?

माझे प्रश्न असे: ही मर्यादा ड्रायव्हरची आहे, डोंगलची आहे की हवेतील संपर्काची? एका हेडफोनच्या अंतराचा परिणाम इतरांवर का व्हावा? आणि असलेले हेडफोन न बदलता यातून मार्ग निघेल का? तारांचे हेडफोन आणि स्प्लिटर सुचवू नयेत, ही विनंती. खोलीत पांढरी काठी घेऊन वावरणाऱ्यांच्या पायांत तारा अडकतात, म्हणूनच बिनतारी मार्ग निवडला आहे.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपला हिशेब बरोबर आहे, मात्र त्यात पाकिटे पुन्हा पाठवण्यासाठी जागाच उरलेली नाही. पाच स्लॉटचे पाकीट आणि त्याच्या पोचपावतीचा एक स्लॉट मिळून सहा स्लॉट, म्हणजे ३.७५ मिलिसेकंद लागतात. एक पाकीट बिघडले की तेवढाच वेळ पुन्हा खर्च होतो. चार प्रवाहांनी नव्वद टक्के वेळ आधीच व्यापलेला असताना, वाय-फायने गजबजलेल्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात हे निभणे अवघड आहे.

व्हरांड्याचे कोडे उलगडते ते डोंगलच्या आत. बीटीयूएसबी सर्व हेडफोनचा ध्वनी यूएसबीच्या एकाच सामाईक (बल्क) मार्गाने डोंगलकडे देतो, आणि डोंगलमधील मोजके बफर, म्हणजे पाकिटे तात्पुरती ठेवण्याच्या जागा, सर्व जोडण्यांमध्ये सामाईक असतात. दूर गेलेल्या हेडफोनची पोच येत नाही, तोवर त्याची पाकिटे बफर अडवून बसतात. फ्लश टाइमआउट, म्हणजे न पोचलेले पाकीट टाकून देण्यापूर्वीची मुदत, मुळात अमर्याद असल्याने डोंगल ती टाकूनही देत नाही, आणि जवळच्यांची पाकिटे संगणकातच खोळंबतात. त्यामुळे दोष ड्रायव्हरला देता येणार नाही.

सर्वप्रथम प्रत्येक हेडफोनने कोणता कोडेक धरला आहे, ते तपासावे. एखादा एसबीसी-एक्सक्यूवर (एसबीसीच्या अधिक दर्जाच्या प्रकारावर) असेल, तर तो एकटाच साडेचारशे किलोबिटच्या पुढे जातो. निवेदनाच्या ध्वनीला त्याची काहीच गरज नसल्याने वायरप्लंबरमध्ये तो बंद करावा. मायक्रोफोनसाठी हेडसेट प्रोफाइलवर (फोनवर बोलण्यासारख्या दुतर्फी पद्धतीवर) आपोआप जाण्याची सोयही बंद करावी, कारण त्यासाठीच्या जुन्या पद्धतीच्या एससीओ या दुतर्फी आवाजाच्या जोडणीत दर सहा स्लॉटांपैकी दोन राखीव होतात, उरलेल्या चारांत पाच स्लॉटचे पाकीट बसतच नाही आणि एका मायक्रोफोनपायी बाकी सर्वांचे ऐकणे बिघडते.

खरा उपाय मात्र दुसरा डोंगल हाच आहे. लिनक्सवर दोन डोंगल एकाच ड्रायव्हरखाली शेजारी शेजारी चालतात. दोन हेडफोन पहिल्यावरून काढून दुसऱ्यावर नव्याने पेअर करावेत. दोन्हींकडे जुनी पेअरिंग ठेवू नये, अन्यथा सुरू केल्यावर हेडफोन कोणत्या डोंगलला जाईल याचा भरवसा राहत नाही. डोंगल यूएसबी ३.० पोर्टमध्ये थेट खोचू नयेत. त्या पोर्टचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो. मीटरभर एक्स्टेन्शन केबल लावून ते टेबलावर उंच आणि एकमेकांपासून दूर ठेवावेत.

प्रतिसाद २ (धागाकर्ता)

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. तपासले असता एक हेडफोन खरोखरच एसबीसी-एक्सक्यूवर होता. तो साध्या एसबीसीवर आणल्यावर तीन हेडफोन आता न तुटता चालतात. चौथा जोडल्यावर मात्र अजूनही शब्द गळतात. दुसऱ्या डोंगलसाठी वाचनालयाच्या समितीकडे मागणी केली आहे.

एक शंका उरते. एलई ऑडिओ या ब्लूटूथच्या नव्या ध्वनिपद्धतीतील ऑराकास्ट या प्रकारात एकच प्रवाह प्रसारित होतो आणि ऐकणारे कितीही असू शकतात, असे वाचले. आमच्या हेडफोनमध्ये ती सोय नाही, पण पुढील खरेदी करताना डोंगल आणि हेडफोन या दोहोंत नेमके काय पाहून घ्यावे? लिनक्सवर ऑराकास्टचे प्रसारण प्रत्यक्ष चालवलेल्या कोणी डोंगलची चिप, कर्नल आणि ब्लूझेड (लिनक्सवरील ब्लूटूथची प्रणाली) यांच्या आवृत्त्या येथे नोंदवल्या, तर मागणीपत्रात तसे लिहिता येईल.