सेंडमेल काढून पोस्टफिक्स घ्यावे की एक्झिम?

रात्रपाळी:
अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. साठेक मेलबॉक्स आहेत. निर्यातीच्या ऑर्डरी, डिझाइनचे फोटो, शिपिंगची कागदपत्रे सगळे त्यावरूनच जाते. मशीन बदलताना मेलची ने-आण करणारा सेंडमेल हा प्रोग्रॅमही काढून त्याच कामाचे पोस्टफिक्स किंवा एक्झिम घ्यावे म्हणतो, कारण सेंडमेलची एमसी फाइल, म्हणजे सेटिंगची फाइल, माझ्या आधीच्या गृहस्थांनी लिहिलेली असून तिला हात लावायला मी आजही कचरतो. आलेले मेल साठवून वापरणाऱ्यांना दाखवण्यासाठी डव्हकॉट हा प्रोग्रॅम ठरला आहे. नव्या मशीनवर डेबियन ही लिनक्स प्रणाली आहे आणि डेबियनची पहिली पसंती एक्झिमला असते, म्हणून तेच ठेवावे का?

धोटा:
पोस्टफिक्स घ्यावे. वित्से व्हेनेमा यांनी ते आयबीएममध्ये असताना १९९८ साली प्रसिद्ध केले. त्यात मेल घेणारी, रांग सांभाळणारी आणि पोहोचवणारी प्रक्रिया वेगवेगळी असून प्रत्येकीला गरजेपुरतेच अधिकार असतात. २०१९ साली एक्झिमच्या ४.८७ ते ४.९१ या आवृत्त्यांत बाहेरून रूटच्या, म्हणजे मशीनवरील सर्वोच्च, अधिकाराने कमांड चालवता येईल असा दोष निघाला होता. दोष कुठेही निघतो, पण त्याची झळ किती लागेल हे रचनेवर ठरते.

जुना_अ‍ॅडमिन:
मी एक्झिमवाला आहे. केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझेल यांनी १९९५ मध्ये लिहिलेल्या या प्रोग्रॅममध्ये नियम वाटेल तसे गुंफता येतात, आणि 'एक्झिम -बीटी' कमांडला पत्ता दिला की मेल प्रत्यक्ष न पाठवता तो कोणत्या वाटेने जाईल ते दिसते. तरीही तुम्हाला मी ते सुचवणार नाही. एमसी फाइलला कचरणाऱ्याने एक्झिमचे नियम लिहायला घेणे म्हणजे आगीतून फुफाट्यात.

ताणाबाणा:
पोस्टफिक्स बसवताच दोन ठिकाणी लक्ष द्यावे, कारण सेंडमेलची सवय तिथेच नडते. समोरचा सर्व्हर मेल घेत नसेल, तर सेंडमेल चार तासांनी पाठवणाऱ्याला तसे कळवते; पोस्टफिक्समध्ये 'डिले वॉर्निंग टाइम' ही सेटिंग मुळात शून्य, म्हणजे बंद, असल्यामुळे मेल पाच दिवस रांगेत पडून राहतो आणि नंतरच परत येतो. आमच्याकडे एक कोटेशन असेच अडकले आणि ते ग्राहकाला पोहोचले असे समजून विक्री विभाग आठवडाभर उत्तराची वाट पाहत बसला. तिथे चार तास घालावेत. दुसरे म्हणजे 'मेसेज साइझ लिमिट' १,०२,४०,००० बाइटचे असते. जोडलेली फाइल मेलसाठी बेस६४ या पद्धतीने अक्षरांत बदलली जाताना सुमारे एक तृतीयांशाने फुगते, त्यामुळे आठ एमबीचा फोटोसुद्धा अडतो.

रात्रपाळी:
आमच्या जॅकार्ड डिझाइनच्या फाइली बारा एमबीपर्यंत जातात, म्हणजे पहिल्याच दिवशी फोन आला असता. पोस्टफिक्स नक्की करतो आणि मर्यादा २५ एमबी ठेवतो. नव्या मशीनचा आयपी बदलणार असल्याने पीटीआर नोंदीसाठी (आयपीवरून सर्व्हरचे नाव सांगणारी नोंद) इंटरनेट सेवादाराकडे आजच अर्ज दिला आहे. ती झाल्यावरच सेंडमेल बंद करीन.