'वदरिंग हाइट्स' निम्म्यावर अडलंय, पुढे वाचू का?

पानगळ:
नमस्कार मंडळी. एमिली ब्राँटेची ही कादंबरी वाचायला घेतलीय. यॉर्कशरचं उजाड माळरान, बर्फाची रात्र, खिडकीतून आत येऊ पाहणारं भूत, सुरुवातीला अगदी गुंगून गेले. पण कॅथरिन वारली आणि मन उडालं. नायिकाच गेली, अजून निम्मं पुस्तक बाकी, त्यात मुलीचं नावही कॅथरिनच! नायक हीथक्लिफची कीव करावी की चीड यावी, तेही ठरत नाही. पुढे वाचण्यासारखं आहे का? आणि म्हाताऱ्या गड्याची, जोसेफची, बोली समजेल अशी आवृत्ती कोणती?

मधली_सुट्टी:
वाचाच. मला तर उत्तरार्ध जास्त आवडतो. फक्त गोष्ट कोण सांगतंय, इकडे लक्ष ठेवा. लॉकवुड उपरा भाडेकरू. त्याला सगळं कळतं ते घरच्या जुन्या नोकराणीच्या, नेली डीनच्या, तोंडून. नेली मायाळू आहे, पण नुसती बघी नाही. नववं प्रकरण पुन्हा उघडा. आता हीथक्लिफशी लग्न केलं तर माझी पत जाईल, असं कॅथरिन तिला सांगते. मागे बाकावर बसलेला हीथक्लिफ तेवढंच ऐकून उठून जातो. 'मीच हीथक्लिफ आहे' हे त्याच्या कानावर पडतच नाही. नेलीला तो जाताना दिसतो. ती कॅथरिनला गप्प करते आणि का म्हणून विचारल्यावर, जोसेफ आलाय, असं सांगून वेळ मारून नेते. पुढच्या सगळ्या होरपळीत या बाईचाही वाटा आहे, आणि तिच्याच शब्दांवर आपण इतरांना जोखतोय! 1847 साली, पहिल्याच कादंबरीत, एमिलीने हे साधलंय. वाचकाला कुठेच निवांत टेकू देत नाही ती.

उत्तरार्धात हेअरटनला सोडू नका. कॅथरिनच्या भावाने, हिंडलीने, हीथक्लिफचं शिक्षण तोडून त्याला गडी केलं. हीथक्लिफ हिंडलीच्या मुलाला, हेअरटनला, मुद्दाम अडाणी ठेवतो. तरी हीथक्लिफ मेल्यावर प्रेताशी रात्रभर रडत बसतो तो हेअरटनच. धाकटी कॅथी त्याला पांढऱ्या कागदात गुंडाळून, फीत बांधून एक पुस्तक पाठवते, तो प्रसंग तर सावकाश वाचा.

कोवळं_ऊन:
मधली_सुट्टी, नेलीबद्दल पटलं. पण तिच्यावर बोट ठेवताना हीथक्लिफ सुटायला नको. कॅथरिनची नणंद इझाबेला त्याच्याबरोबर पळून जाते त्या रात्री तो तिची कुत्री आकड्याला टांगतो. नेली सोडवते म्हणून ती वाचते. पुढे स्वतःच म्हणतो, हे डोळ्यांनी बघूनही इझाबेला मला प्रेमवीर समजत राहिली. पानगळ, तुम्हाला कीव आणि चीड दोन्ही वाटतंय ना, मग तसंच वाटू द्या. लिव्हरपूलच्या रस्त्यावरून उचलून आणलेलं ते उपाशी पोर विसरायचं नाही, आणि टांगलेली कुत्रीही.

आवृत्तीचं म्हणाल तर तळटीपा आणि वंशावळ असलेली कुठलीही चालेल. वंशावळीच्या पानाला खूण घालून ठेवा, नावांचा घोळ मिटेल. एमिली 1848 मध्ये गेली. नंतर तिची बहीण शार्लटने 1850 च्या आवृत्तीत जोसेफची बोली जरा सोपी केली. मूळ बोली मोठ्याने वाचली की बरीच उलगडते. आणि 1939 चा चित्रपट आत्ता बघू नका. त्यात दुसरी पिढी गाळलीय, म्हणजे तुम्ही अडलाय तो भागच.

पानगळ:
दोघांचेही आभार. नववं प्रकरण आज रात्रीच परत वाचते. धाकट्या कॅथीचं लग्न हीथक्लिफच्या मुलाशी होतं का, एवढं मात्र कुणी सांगू नका.