सिंगापूर झू एका दिवसात: मदत हवी आहे (तातडीचं)

घाईतला_प्रवासी: शनिवारी निघतोय. झूसाठी एकच दिवस आहे. तिकिटं आजच काढायची आहेत. एका दिवसात सगळं होईल ना? रात्रीचं पण करायचंय. कृपया 'गूगल करा' म्हणू नका.

चाफेकळी: 'सगळं' म्हणजे काय? मंडाईला (सिंगापूर झू ज्या भागात आहे तिथे) एकच पार्क नाही. झू, रिव्हर वंडर्स, नाइट सफारी, बर्ड पॅराडाइज आणि २०२५ पासून रेनफॉरेस्ट वाइल्ड एशिया, प्रत्येकाचं तिकीट वेगळं. मुलं किती वर्षांची? हॉटेल कुठे? विमान किती वाजता उतरतं?

टपरीवाला: जुरॉंग बर्ड पार्क चुकवू नका. पेंग्विन मस्त.

चाफेकळी: जुरॉंग जानेवारी २०२३ मध्ये बंद झालं हो. पक्षी बर्ड पॅराडाइजला हलवले, ते त्याच मे महिन्यात मंडाईला सुरू झालं. पेंग्विनही तिथेच.

घाईतला_प्रवासी: मुलं दोन. हॉटेल मुस्तफा सेंटर या दुकानाजवळ. अजून काय हवंय?

रानवाट: वयं! ३ च्या आत फुकट, ३ ते १२ लहान मुलांचं तिकीट. आणि उंची मोजा. रिव्हर वंडर्सच्या ॲमेझॉन रिव्हर क्वेस्ट बोटीला किमान १०६ सेंमी लागतात, फाटकावर पट्टी लावून बघतात. सोबत ज्येष्ठ कोणी आहे का?

घाईतला_प्रवासी: मुलगा ९, मुलगी ४ (९८ सेंमी). आई आहे, गुडघे दुखतात. विमान सकाळी ६ ला उतरतं, त्याच दिवशी जायचंय.

रानवाट: हे आधी सांगायचं ना! मग नाइट सफारी त्या दिवशी नको. रात्रभर जागलेली ४ वर्षांची मुलगी ट्राममध्ये झोपेल आणि तिकीट वाया. सकाळी सामान हॉटेलवर टाकून झूला जा. झू ८.३० ला उघडतो. माकडं, ओरांगउटान सकाळी हलती असतात, ऊन चढलं की सावलीला पडून राहतात. दुपारी शेजारचं रिव्हर वंडर्स: मॅनाटीचं (समुद्रगायीचं) टाकं आणि पांडाचं दालन बंदिस्त, गार. दुपारचा पाऊस आला तरी तिथे अडत नाही, फक्त विजा असल्या की बाहेरच्या राइड थांबवतात. बोट मात्र विसरा, मुलीच्या उंचीत बसत नाही.

काजवा: असहमत. सिंगापूरला जाऊन नाइट सफारी सोडायची? १९९४ पासून चालू असलेलं, मुद्दाम रात्रीसाठी बांधलेलं जगातलं पहिलं प्राणिसंग्रहालय आहे ते. साधा झू सोडा, दुपारी हॉटेलवर झोपा, संध्याकाळी तिकडे जा. पण ७.१५ चा स्लॉट घेऊ नका. विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर सातच्या आसपास मावळतो, म्हणजे तेव्हा धड अंधार नसतो आणि ट्रामची रांगही सर्वात लांब. ८.१५ चा घ्या. क्रीचर्स ऑफ द नाइट या प्राण्यांच्या खेळाची जागा ऑनलाइन वेगळी धरावी लागते, जोराचा पाऊस आला तर तो खेळ रद्द, ट्राम चालू. फ्लॅश बंद ठेवा, निशाचरांच्या डोळ्यांना त्रास होतो. आईंना ट्राम पुरे, पायवाटा सोडा.

रानवाट: ८.१५ चा स्लॉट म्हणजे मुस्तफाला परत यायला ११.३० वाजणार. लहान मुलीला?

काजवा: टॅक्सीने या.

रानवाट: टॅक्सीनेच, ॲपवरच्या खासगी गाडीने नाही. तिथे १.३५ मीटरखालच्या मुलाला चाइल्ड सीट लागते. टॅक्सीला सूट आहे, ग्रॅब ॲपच्या खासगी गाडीला नाही. ॲपमध्ये गाडीचा प्रकार बघून घ्या, नाहीतर चालक मुलीला बघून निघून जाईल. तुमचा मुलगाही बहुधा १.३५ च्या खालीच असेल.

घाईतला_प्रवासी: आणि जायचं कसं?

चाफेकळी: फॅरर पार्क स्टेशनहून मेट्रोच्या जांभळ्या लाइनने धोबी घाट स्टेशन, तिथे लाल लाइनला बदलून खातिब. बाहेर मंडाईची शटल मिळते, साधारण पाव तास. शटलचं भाडं वेगळं, कार्ड टॅप करायचं. बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय आणि कॉन्टॅक्टलेस, दोन्ही व्यवहार इथूनच सुरू करून जा. नळाचं पाणी प्यायला चालतं, रिकाम्या बाटल्या न्या. झूत पाण्यात खेळायची जागा आहे, मुलीचे जादा कपडे घ्या. आईंसाठी फाटकाजवळ चाकाची खुर्ची भाड्याने मिळते.

टपरीवाला: ध्रुवीय अस्वल पण बघा, उष्ण कटिबंधात जन्मलेलं एकमेव.

काजवा: इनुका? तो २०१८ मध्येच गेला. 'एकमेव' कशावरून, पहिला होता.

टपरीवाला: बरं, पहिला. च्युइंगगम नेऊ नका मग.

घाईतला_प्रवासी: झू आणि रिव्हर वंडर्स करतो. दोन पार्कचं एकत्र तिकीट स्वस्त दिसतंय, तेच काढतो. काजवा, माफ करा, आई नाही जागणार.

काजवा: तुमची मर्जी. परतीच्या आदल्या रात्री आईंना हॉटेलवर ठेवून मुलाला एकट्याला नेता येईल.

चाफेकळी: एसजी अरायव्हल कार्ड (सिंगापूरला उतरण्याआधीचा ऑनलाइन फॉर्म) भरलंत का? उतरायच्या आधीच्या ३ दिवसांत, सरकारी साइटवर, फुकट. पैसे मागणारी साइट उघडली तर बंद करा.