मदत हवी आहे: चालताना ईसीजी ठोक्यांऐवजी पावलं मोजतोय

नमस्कार मंडळी,

परभणीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी खिशात मावेल असा ईसीजी मॉनिटर केलाय. एडी८२३२ मॉड्यूल (हृदयाचा बारीक सिग्नल मोठा करणारं), ईएसपी३२ मायक्रोकंट्रोलर, सेकंदाला २५० सॅम्पल, छातीवर जेलचे तीन इलेक्ट्रोड. खुर्चीत बसलं की पी आणि टी लाटासुद्धा (ठोक्याच्या मोठ्या काट्याच्या आगेमागे येणाऱ्या छोट्या लाटा) बोट ठेवून दाखवाव्यात इतका सुरेख आलेख. उठलं की राडा.

परवा गावाकडं आप्पांना लावला आणि वेचणीला सोबत गेलो. (आप्पा म्हणाले, "कापूस वेचू का हे सांभाळू?") वाकून बोंडाला हात घातला की रेषा वर छताला जाऊन चिकटते, दोन-तीन सेकंद खाली येतच नाही. बांधावरून चालताना तर गंमतच. पडद्यावर ठोके ११२, मी चालता चालता मनगट धरून मोजले तर ८८. मग पावलं मोजली. ११२!

५० हर्ट्झचा नॉच (तेवढीच वारंवारता कापणारा फिल्टर) लावला, विजेची गुणगुण गेली, बाकी जैसे थे. पॅन-टॉम्पकिन्स या ठोके ओळखायच्या पद्धतीतला ५ ते १५ हर्ट्झचा पट्टा लावला, पण हाताच्या हिसक्याचे काटे नेमके त्यातच बसतात. शिवाय त्यात टी लाट पार चेपते आणि आमचे गाइड सर आकार टिकलाच पाहिजे म्हणतात. आता कमरेच्या डबीत एमपीयू६०५० (हालचाल मोजणारा एक्सेलरोमीटर) बसवून एलएमएस चालवतोय, म्हणजे त्याच्या नोंदीवरून हालचालीचा गोंगाट शिकून वजा करणारा फिल्टर. म्यू (शिकण्याचा वेग) लहान ठेवला तर शिकत नाही, वाढवला तर क्यूआरएसच (ठोक्याचा मोठा काटा) खातो. काय चुकतंय?

प्रतिसाद, लातूरहून:
भावा, आधी कोड बंद कर. रेषा छताला चिकटली म्हणजे अँप्लिफायर सॅच्युरेट झाला, त्याची मर्यादा संपली. त्या मॉड्यूलचा गेन (सिग्नल किती पट मोठा होतो ते) साधारण ११००, म्हणजे दीड मिलिव्होल्टच्या धक्क्यात खेळ खलास, आणि नुसती कातडी ताणली तरी काही मिलिव्होल्ट निघतात. तिथं कापला गेलेला सिग्नल कुठलाच एलएमएस परत आणत नाही.

घाम पुसून कातडी खरखरीत पट्टीनं हलकी घास, मग इलेक्ट्रोड लाव. दंडाजवळचे, मांसल भागावरचे काढून हाडाजवळ घे. वायरला एक वेढा देऊन चिकटपट्टीनं छातीवरच बसव, म्हणजे हिसका पट्टीवर जाईल, इलेक्ट्रोडवर नाही. एक्सेलरोमीटर कमरेला ठेवून काय उपयोग? छातीवर, इलेक्ट्रोडला लागून हवा. एलएमएसऐवजी नॉर्मलाइज्ड घे, हालचाल कमी-जास्त झाली तरी म्यू सांभाळला जातो. तपासायला एमआयटी-बीआयएचच्या नॉइज स्ट्रेस टेस्ट या डेटाबेसमधली 'ईएम' नोंद (इलेक्ट्रोड हलल्याचा गोंगाट) स्वच्छ ईसीजीत मिसळ. ती ३६० हर्ट्झची आहे, आधी २५० वर आण.

मूळ प्रश्नकर्ता:
दादा, वेढा दिला. वायर दर पावलाला सदऱ्याच्या गुंडीवर आपटत होती, आता कळलं! चालताना ९१ दाखवतोय. वाकल्यावर मात्र अजून उडी मारतो. ती कातडी घासायची पट्टी इथं मेडिकलवर मिळाली नाही, खरखरीत टॉवेल चालेल का?