बाबांची जुनी शेड आता लपलेला कॉकटेल बार झालीये, त्यांना घेऊन जाऊ का?

हडपसरवाला
मंडळी, खरंच सल्ला हवाय. माझे बाबा २२ वर्षं पुण्यात हडपसर इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका शेडमध्ये टर्नर होते, लेथवर, म्हणजे धातूचे भाग कातायच्या मशीनवर. कंपनी बंद पडली, शेड कित्येक वर्षं कुलूप लावून पडून होती आणि आता ऑफिसातला एकजण म्हणाला तिथे बार झालाय, तोही लपलेला, म्हणजे बाहेर पाटी नाही, शटरवर कंपनीचं जुनंच नाव, बाजूच्या लोखंडी दारावरची बेल वाजवायची, बुकिंगचं नाव सांगितलं की आत घेतात. फोटोत छप्पर बघून लगेच ओळखलं, लहानपणी आईबरोबर डबा द्यायला जायचो ना.

बाबा पुढच्या महिन्यात ७० चे होतायत. आयुष्यात थेंब घेतलेला नाही. त्यांना ती जागा परत दाखवावी असं फार वाटतंय, सरप्राइज म्हणून, पण जिथे पाळ्या केल्या तिथे आता दारू चालते हे बघून वाईट वाटलं तर? न पिणाऱ्याला काय मिळतं? आवाज किती असतो? आणि मावसभाऊ २३ चा आहे तो पण येतो म्हणतोय.

मगरपट्टा_रोज
दोनदा गेलोय. शुक्रवार-शनिवार अजिबात जाऊ नकोस, समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मंगळवार-बुधवारी सातला गेलास तर जागा नीट बघता येते. न पिणाऱ्यांसाठी कोकम, कैरी, आल्याचं वेगळं पानच आहे मेनूत आणि ते मनापासून बनवतात, नुसतं सरबत नाही देत.
एक गोष्ट आधीच सांगतो, आत एक जुना लेथ ठेवलाय शोसाठी आणि त्याच्या बेडवर, म्हणजे खालच्या लांब लोखंडी भागावर, बाटल्या मांडल्यात. मला तेव्हा काही वाटलं नाही, पण तुझी पोस्ट वाचल्यावर वाटलं.

नॉर्थलाइट
आर्किटेक्ट आहे म्हणून छपराबद्दल लिहितो. करवतीच्या दात्यांसारखं दिसतं ते नॉर्थ लाइट छप्पर. काचेची बाजू उत्तरेला, म्हणजे थेट ऊन आत न येता दिवसभर सारखा उजेड मिळतो. लेथवर व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी, वाचायला तसाच उजेड लागतो, तुझ्या बाबांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. रात्री त्या काचा काळ्या दिसतात म्हणून मी तर म्हणेन उजेड असतानाच पोचा. अशा शेड पाडून टॉवर उभे राहतात, त्यापेक्षा बार झाला तरी मला आनंदच आहे, पुणे स्टेशनजवळची राजा बहादूर मिल पण तशीच हॉटेलांमुळे का होईना टिकली.
पण लपलेल्या जागेत दार एकच आणि अरुंद असेल तर ते मला पटत नाही. २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईत कमला मिल्समधल्या पबच्या आगीत १४ जण गेले. बुकिंग करतानाच दुसरा एक्झिट कुठे आहे विचार, आणि गेल्यावर डोळ्यांनी बघ.

बारमागचा
मी कल्याणीनगरला बारटेंडर आहे. मावसभावाचं सांगतो, महाराष्ट्रात हार्ड लिकरला वय २५ पूर्ण लागतं, बिअरला २१. म्हणजे त्याला कॉकटेल मिळणार नाही, आयडी बघतातच, आणि काही ठिकाणी २५ च्या खाली आतच घेत नाहीत, फोन करून विचार. पिणाऱ्याला परमिट लागतं, एका दिवसाचं ५ रुपयांना तिथेच फाडून देतात. बाबांना त्याची गरज नाही.
लपलेल्या दाराची पद्धत अमेरिकेतली, १९२० ते १९३३ तिथे दारूबंदी होती तेव्हा चोरून चालणारे अड्डे. आता लायसन्स भिंतीवर लावलेलं असतं, लपणं फक्त मजेसाठी. बाबांना हे आधी सांग, नाहीतर बेल वाजवून आत जाताना त्यांना काहीतरी बेकायदा चाललंय असं वाटेल, आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच वडीलधाऱ्यांना वाटतं.

लालबागची_भाची
सरप्राइज नको रे, प्लीज. माझे मामा मुंबईत गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर काम परत मिळालंच नाही. गिरणीच्या जागी मॉल झाला तेव्हा मामेभाऊ कौतुकाने घेऊन गेला, काही न सांगता. मामा सरकत्या जिन्यापाशीच उभे राहिले, घरी चल म्हणाले, आणि तो विषय घरात परत कधी निघाला नाही. आधी विचार. नको म्हणाले तर नको. हो म्हणाले तर त्यांच्या बरोबरचं कोणीतरी सोबत ने, तुला तिथलं काय माहीत, ते कोणाशी बोलणार?

हडपसरवाला
काल रात्री जेवताना विचारलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, वरच्या क्रेनचे रूळ आहेत का अजून? फोटो दाखवले तर मोबाइल माझ्या हातातून घेऊन झूम करून तिसरा खांब शोधला, त्यांचं मशीन तिथे होतं. बाटल्यांचं पण सांगितलं, तर म्हणाले लेथ गंजला नसला म्हणजे झालं. सकाळी उठून त्यांच्या पाळीतल्या दोघांना फोन पण करून झाला. लालबागची_भाची, खूप थँक्यू.
मंगळवारी सातचं बुकिंग करतोय, चौघांचं. मावसभावाला नाही म्हणालो. एकच, त्यातल्या एका काकांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पायऱ्या किती आहेत?

मगरपट्टा_रोज
बेलच्या दाराने पाच पायऱ्या आहेत, उंच आहेत. फोन करून काकांचं सांग, मग मोठं शटर उघडतात, तिथून सपाट आहे.